कॉलेजची शिष्यवृत्ती: शोध अकरावीतच सुरू करा

बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल (रहिवासाचा दाखला), नॉन-क्रिमीलेअर (मागास प्रवर्गातलं कुटुंब उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र), जात वैधता. सगळ्यांना सगळं एकाच पंधरवड्यात हवं असतं. त्याच वेळी प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात. एखादा कागद कमी पडला की आधी प्रवेश लटकतो आणि पाठोपाठ शिष्यवृत्तीही. ही धावपळ टाळता येते, कारण लागणारे बहुतेक कागद अकरावीत असतानाच काढून ठेवता येतात. आपण कोणत्या योजनांत बसू, हेही तेव्हाच बऱ्यापैकी कळलेलं असतं.

हा मजकूर महाराष्ट्रातल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी एका कागदावर पाच उत्तरं लिहा

योजनांची यादी घेऊन बसलात तर दोन तासांत डोकं गरगरेल. उलट बाजूने सुरुवात करा. पालकांना शेजारी बसवा आणि लिहून काढा: आई-वडिलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न किती, जातीचा प्रवर्ग कोणता, आई-वडील नेमकं काय काम करतात आणि ते काम कुठे नोंदलेलं आहे का, तुम्हाला कोणत्या कोर्सला जायचं आहे, आणि घरी राहून शिकणार की बाहेरगावी. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, आई-वडिलांपैकी कोणी नसेल, घरात कोणी सैन्यात असेल किंवा होतं, तर तेही लिहा.

उत्पन्नाचा आकडा खरा लिहा. २.५ लाख, ४.५ लाख आणि ८ लाख या तीन रेषा पुन्हा पुन्हा भेटतात. आपण कोणत्या रेषेच्या आत आहोत हे कळलं की निम्मी यादी आपोआप गळते.

राज्य सरकारच्या योजना: महाडीबीटी

राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवर आहेत. इथे एक गोष्ट अनेक घरांत माहीतच नसते. ‘पोस्ट-मॅट्रिक’ म्हणजे पदवीनंतर किंवा बारावीनंतर नव्हे, तर दहावीनंतर. म्हणजे अकरावीचा विद्यार्थीही या शिष्यवृत्तीला पात्र असतो. अकरावीत फॉर्म भरलात तर त्या वर्षाचे पैसे मिळतातच, शिवाय प्रोफाइल तयार होतं, कागद तपासले जातात आणि चुका लहान रकमेवर निस्तरतात. बारावीनंतर फीचा आकडा मोठा झाल्यावर त्याच चुका महाग पडतात.

अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा २.५ लाख रुपये आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं घरचं उत्पन्न त्याहून जास्त असेल तर निराश होऊ नका. त्याच्यासाठी फ्रीशिप, म्हणजे फीमाफीची वेगळी योजना आहे. ‘आपलं उत्पन्न जास्त, आपल्याला काही मिळणार नाही’ असं गृहीत धरून फॉर्मच न भरणारी घरं आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजच्या फीचा भागही असतो आणि तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. ही रक्कम आपलीच समजून खर्च झाली की वर्षाच्या शेवटी कॉलेज फीसाठी तगादा लावतं.

खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि मिळते ती ट्यूशन फीच्या ५० टक्के सवलत. योजना कुटुंबातल्या दोन अपत्यांपुरती आहे.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला माफी नाही. अभिमत विद्यापीठं आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत.

हा मुद्दा कॉलेज निवडतानाच डोक्यात ठेवा. शहरातलं खासगी विद्यापीठ आणि जरा लांबचं कॅपमधलं कॉलेज यांची वरवरची फी सारखी दिसते. फीमाफी धरून हिशोब केला तर चार वर्षांत लाखांचा फरक पडतो. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायच्या आधी प्रत्येक कॉलेजपुढे दोन आकडे लिहा: एकूण फी, आणि शिष्यवृत्ती वजा जाता आपल्या खिशातून जाणारी फी. दुसरा आकडा काढताना लक्षात घ्या की माफी ट्यूशन फीची असते. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, हॉस्टेल, मेस, जिमखाना या गोष्टी सहसा तशाच राहतात. फीची फोड कॉलेजच्या वेबसाइटवर असते, नसली तर ऑफिसात मागा.

बाहेरगावी राहणाऱ्यांनी राहण्याखाण्याच्या योजना वेगळ्या शोधाव्यात, कारण घरचा खरा ताण तिथेच येतो. खुल्या प्रवर्गासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना ती उपयोगी पडते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत ती वर्षाला ६०,००० रुपये देते, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम् योजना, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारसाठी आधी वसतिगृहाचा अर्ज करून ठेवा. ‘जागा मागितली होती, मिळाली नाही’ याचा कागद हाताशी असला की वाद राहत नाही.

केंद्राच्या योजना

इथलं दार म्हणजे नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, सगळे त्याला एनएसपी म्हणतात. आधी ‘ओटीआर’, म्हणजे एकदाच करायची नोंदणी. त्यातून १४ अंकी क्रमांक मिळतो आणि तो पुढची सगळी वर्षं चालतो. नोंदणी आधारवर चालते आणि मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवावी लागते. चेहरा जुळत नसेल तर बहुधा आधारवरचा फोटो लहानपणीचा असतो. आधारची बायोमेट्रिक माहिती १५ व्या वर्षी अद्ययावत करणं सक्तीचं आहे आणि १५ ते १७ या वयात ते मोफत होतं. अकरावीत आहात तर आताच जाऊन या.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती सगळ्यांनी नीट समजून घ्यावी, कारण तिला जातीची अट नाही आणि कोर्सही कोणताही नियमित पदवी अभ्यासक्रम चालतो. बारावीत आपल्या बोर्डाच्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांमध्ये ८० पर्सेंटाइलच्या वर असायला हवं आणि घरचं उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,००० मिळतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असतात, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे ध्यानात घ्या. तुमच्या मागे ८० टक्के मुलं असायला हवीत, मग तुमचे मार्क कितीही असोत. जागा विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांत ३:२:१ अशा वाटलेल्या असतात आणि गुणवत्ता शाखेनुसार लागते. त्यामुळे कला शाखेच्या मुलाने विज्ञानवाल्या मित्राचा कटऑफ ऐकून अर्ज सोडून देऊ नये. आठवीत एनएमएमएस परीक्षा पास होऊन बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये घेणाऱ्यांनी हेही पक्कं लक्षात ठेवावं की ती शिष्यवृत्ती बारावीला संपते. पुढे आपोआप काही सुरू होत नाही, केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीचा अर्ज नव्याने करावा लागतो.

इंजिनिअरिंग, डिप्लोमा अशा तांत्रिक शिक्षणाला जाणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, ‘प्रगती’ आहे: वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ‘सक्षम’ आणि अनाथ मुलांसाठी, तसंच कोविडमध्ये पालक गमावलेल्यांसाठी ‘स्वनाथ’, दोन्हींची रक्कम तीच. प्रगतीसोबत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालत नाही, म्हणून ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस मुलीने आधी हिशोब मांडावा. खासगी कॉलेजची ट्यूशन फी ९०,००० असेल तर राज्याची पूर्ण फीमाफी जास्त फायद्याची. सरकारी कॉलेजात ट्यूशन फी २०,००० च्या आसपास असेल तर प्रगतीचे ५०,००० जास्त. प्रश्न सोपा आहे, पण फॉर्म भरण्याआधी विचारायला हवा. एकदा एक शिष्यवृत्ती मंजूर झाली की बदलणं कटकटीचं होतं.

ज्यांना बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सी करून मूलभूत विज्ञानात राहायचं आहे, त्यांच्यासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. बोर्डात पहिल्या १ टक्क्यात असणं हा पात्रतेचा मुख्य मार्ग. इंजिनिअरिंग आणि मेडिकलला ही मिळत नाही. चांगले मार्क असलेली मुलं केवळ पैशांच्या भीतीने शुद्ध विज्ञान सोडतात, त्यांच्या पालकांनी हा आकडा जरूर पाहावा.

आई-वडिलांच्या कामातून मिळणारी मदत

या बाजूला फार थोडे लोक बघतात. वडील किंवा आई गवंडी, सेंट्रिंग, रंगकाम, फरशी, वायरिंग अशा बांधकामाच्या कामावर असतील आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्यांची नोंदणी असेल, तर पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी पैसे मिळतात. अकरावी-बारावीला वर्षाला १०,०००, पदवीला २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,००० आणि वैद्यकीयला १,००,०००. नोंदणीसाठी वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि नोंदणी जिवंत ठेवावी लागते. नूतनीकरण चुकलं की त्या वर्षीचा मुलाचा अर्जही बाद होतो. म्हणून मुलगा अकरावीत गेला की पहिलं काम, वडिलांचं कार्ड काढून त्यावरची तारीख बघा.

कारखान्यात किंवा दुकानात नोकरी असेल तर पगाराची जूनची किंवा डिसेंबरची स्लिप पाहा. कामगार कल्याण निधी म्हणून छोटी रक्कम कापली जात असेल, तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. जवळच्या कामगार कल्याण केंद्रात विचारा. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची योजना एनएसपीवर आहे.

माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून चालते. बारावीला ६० टक्के आणि व्यावसायिक कोर्सचं पहिलं वर्ष ही मुख्य अट. मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. कागदांवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची सही-शिक्का लागतो, तेवढे दिवस हाताशी ठेवा.

ट्रस्ट, फाउंडेशन, कंपन्या

खासगी शिष्यवृत्त्यांत रक्कम मोठी असू शकते आणि बऱ्याच ठिकाणी जातीची अट नसते, पण प्रत्येकाची तारीख, फॉर्म आणि मुलाखत वेगळी. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे: बारावीला ६० टक्के, उत्पन्न १५ लाखांच्या आत (२.५ लाखांखालच्यांना प्राधान्य), ऑनलाइन चाचणी, आणि पूर्ण पदवीत मिळून २ लाखांपर्यंत मदत. कोटक कन्या ही व्यावसायिक कोर्सला जाणाऱ्या मुलींसाठी वर्षाला दीड लाखापर्यंत देते. सरकारी पॉलिटेक्निकला जाणाऱ्यांसाठी के. सी. महिंद्रा ट्रस्टची टॅलेंट स्कॉलरशिप आहे. लीला पूनावाला फाउंडेशन पुणे, अमरावती, वर्धा आणि नाशिक जिल्ह्यांतल्या मुलींना शिक्षणासाठी मदत करते. पुण्यात शिकायला येणाऱ्या ग्रामीण मुलामुलींनी विद्यार्थी साहाय्यक समितीची चौकशी जरूर करावी. १९५५ पासून चाललेली ही संस्था गरजू विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची अल्प खर्चात सोय करते, आणि हातात पडणाऱ्या शिष्यवृत्तीपेक्षा ती सोय कधी कधी जास्त मोलाची ठरते.

मोठ्या नावांच्या मागे सगळेच धावतात. आपल्या गावची नागरी सहकारी बँक, पतपेढी, साखर कारखाना, ज्ञातीची संस्था, शाळेचा माजी विद्यार्थी संघ यांच्याकडे पाच-दहा हजारांच्या शिष्यवृत्त्या असतात आणि अर्जही कमी येतात. त्यांची जाहिरात इंटरनेटवर नसते. ती बँकेच्या नोटीस बोर्डावर, ज्ञातीच्या मासिकात किंवा वार्षिक सभेच्या अहवालात असते. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार काढून चार ठिकाणी प्रत्यक्ष विचारून या. अशा तीन ठिकाणचे सात-सात हजार मिळाले तरी वर्षाची पुस्तकं आणि बसचा पास निघतो.

कागदपत्रं: खरं काम इथे आहे

सगळ्यांत आधी नाव. दहावीची मार्कशीट, आधार आणि बँक पासबुक या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं हवं. ‘ज्ञानेश्वर’ हे साधं नाव घ्या. इंग्रजीत कोणी ते ‘डी’ने सुरू करतं, कोणी ‘जी’ने, कोणी ‘जे’ने. पोर्टलवरचं संगणकाचं डोकं यांना तीन वेगळी माणसं समजतं. फरक असेल तर दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आधार बदलून घ्या, कारण बोर्डाच्या कागदात दुरुस्ती करणं कितीतरी अवघड आहे. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून अर्ज देताना मार्कशीट समोर ठेवूनच स्पेलिंग लिहा.

मग उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा लागतो. पगारदारांना फॉर्म १६ किंवा पगारपत्रक, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, बाकीच्यांना तलाठ्याचा उत्पन्न अहवाल. अर्ज आपले सरकार केंद्रातून होतो. दाखल्यावर मुदत छापलेली असते आणि ती ३१ मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला दाखला जुलैत चालत नाही. एप्रिल उजाडला की पहिल्या दोन आठवड्यांत नवा काढायचा. तेव्हा गर्दीही नसते. अर्जाची पावती जपून ठेवा. लोकसेवा हक्क कायद्याखाली दाखला देण्याची मुदत ठरलेली आहे आणि उशीर झाला तर अपील करताना ती पावतीच कामाला येते.

नॉन-क्रिमीलेअर काढलं आहे म्हणून उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, असा एक गैरसमज आहे. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, शिष्यवृत्तीच्या मर्यादेत मात्र सगळं उत्पन्न धरतात. दोन्ही कागद वेगळे आणि दोन्ही लागतात.

जात वैधता हा सगळ्यांत वेळखाऊ कागद. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण त्याची पडताळणी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती (अनुसूचित जमातींसाठी वेगळी तपासणी समिती) करते आणि त्यासाठी घराण्यातला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, किंवा जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना नंबर १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, यांवर भर द्या. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा पुरावा वंशावळीसह चालतो. घरात वडील, काका, सख्खा भाऊ यांपैकी कोणाची वैधता आधीच झाली असेल तर काम बरंच हलकं होतं, म्हणून आधी भाऊबंदांत फोन करा. अर्जाला ज्युनिअर कॉलेजचं शिफारसपत्र लागतं. बारावीच्या ऑगस्टपर्यंत अर्ज समितीकडे पोचलेला असावा. निकालानंतर अर्ज केला तर प्रवेशाच्या फेऱ्यांत नुसती पावती घेऊन फिरावं लागतं.

आता बँक. ‘खातं आधारला लिंक आहे’ असं काउंटरवर सांगितलं की लोक निर्धास्त होतात आणि पैसे येतच नाहीत. केवायसीसाठी आधार क्रमांक नोंदवणं वेगळं. सरकारी पैसे त्या खात्यात यावेत म्हणून एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) यादीत खातं जोडणं वेगळं, त्याला आधार सीडिंग म्हणतात. एका आधारला एका वेळी एकच खातं सीड असतं. गेल्या वर्षी कोणी शाळेत येऊन झिरो बॅलन्स खातं उघडून दिलं असेल तर सीडिंग तिकडे सरकलेलं असू शकतं आणि शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जमा होते. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या वेबसाइटवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून बँक सीडिंगची स्थिती दिसते: कोणती बँक, चालू की बंद. फॉर्म भरण्याआधी एकदा आणि पैसे येण्याच्या सुमारास पुन्हा एकदा बघा. खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर हवं. केवायसी अपुरं असलेल्या छोट्या खात्यात ५०,००० च्या वर शिल्लक राहू शकत नाही, त्यामुळे मोठी रक्कम परत जाते. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. अधूनमधून शंभर रुपये भरत-काढत राहा.

फॉर्म भरताना

मोबाइल नंबर तुमचा किंवा आई-वडिलांचा टाका, नेट कॅफेवाल्याचा कधीही नको. घाईत त्याचाच नंबर आणि ईमेल टाकला जातो, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो माणूस दुकान बंद करून गेलेला असतो. युजर आयडी, पासवर्ड, अर्ज क्रमांक एका वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा.

कागद स्कॅन करताना मूळ कागदच घ्या, झेरॉक्सची झेरॉक्स नको. दाखल्यावरचा बारकोड आणि क्रमांक वाचता यायला हवा. कॉलेजचं नाव निवडताना सारख्या नावांची तीन-चार कॉलेजं दिसतात, तिथे कॉलेजचा कोड जुळवून पाहा. चुकीचं कॉलेज निवडलं तर अर्ज दुसऱ्याच गावच्या क्लार्ककडे पडून राहतो आणि तुमच्या कॉलेजात कोणाला पत्ताच नसतो.

फॉर्म सबमिट केला म्हणजे काम झालं, असं नाही. अर्ज आधी कॉलेजचा क्लार्क, मग प्राचार्य, मग विभाग अशा टेबलांवरून जातो. प्रिंट आणि कागदांचा संच घेऊन चार दिवसांत कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा आणि पोच घ्या. त्यानंतर दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहा. अर्ज परत पाठवला असेल तर कारण तिथेच लिहिलेलं असतं आणि दुरुस्तीला थोडेच दिवस मिळतात. पोर्टलला मुदतवाढ मिळते या भरवशावर थांबू नका, कारण कॉलेजची आतली मुदत त्याआधीच संपलेली असते.

खासगी अर्जातलं ते एक पान

‘तुम्हाला शिष्यवृत्ती का हवी?’ या प्रश्नापाशी चांगली मुलं घसरतात. ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे, मी जिद्दी आहे, मला आई-वडिलांचं नाव मोठं करायचं आहे’ असं शेकडो अर्जांत असतं आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. आकडे द्या. नमुना म्हणून हे पाहा:

‘कॉलेजची ट्यूशन फी ८०,००० आहे, राजर्षी शाहू योजनेतून निम्मी माफ होईल, ४०,००० उरतील. खोली आणि मेस दरमहा ५,५००, दहा महिन्यांचे ५५,०००. पुस्तकं आणि प्रवास १०,०००. एकूण १,०५,०००. वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन आणि आईचं शिवणकाम यातून घरून ६०,००० जमतील. मला ४५,००० कमी पडतात.’

इतकं वाचून देणाऱ्याला तुमची गरज आणि तुमची समज दोन्ही दिसतात. त्यानंतर चार-पाच ओळींत हा कोर्स का निवडला, ते खऱ्या गोष्टीवरून सांगा: गावातली पाण्याची मोटर स्वतः दुरुस्त केली असेल तर ती. मराठीत लिहायची मुभा असेल तर मराठीतच लिहा. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं सफाईदार इंग्रजी मुलाखतीत उघडं पडतं. काही संस्था घरी येऊन पाहणी करतात. घर आवरण्यापलीकडे काही करू नका, आणि अर्जात लिहिलेले आकडे आई-वडिलांनाही माहीत असू द्या.

शिफारसपत्र हवं असेल तर सरांना दोन आठवडे आधी सांगा, सोबत मार्कशीटची प्रत आणि तुम्ही केलेल्या गोष्टींची अर्ध्या पानाची यादी द्या. आदल्या दिवशी मागितलेलं पत्र सगळ्यांसाठी सारखंच असतं.

फसवणूक ओळखा

‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन किंवा मेसेज आला तर तो खोटा समजा. महाडीबीटी आणि एनएसपीवर अर्जाला शुल्क नाही. कॅफेवाला घेतो ते त्याच्या टंकनाचे पैसे. सरकारी पोर्टलचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, समोरचा माणूस समाजकल्याण खात्यातून बोलतोय असं म्हणाला तरी.

दुसऱ्या वर्षी

बहुतेक शिष्यवृत्त्यांचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि अर्ज तुम्हालाच करायचा असतो. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीला वर्षात ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. राज्याच्या योजनांना नवा उत्पन्न दाखला लागतो, म्हणजे एप्रिलचं ते काम पुन्हा आलंच. निकालात एखादा विषय राहिला असेल तर कॉलेजच्या क्लार्कला भेटून आपल्या योजनेचा नियम विचारा, स्वतःच ‘आता मिळणार नाही’ असं ठरवून अर्ज सोडू नका. खासगी संस्थेला दर सत्राचा निकाल मागण्याआधीच पाठवा, आणि दुसरी शिष्यवृत्ती मिळाली तर तेही कळवा. लपवलेलं कळलं की पुढचे हप्ते थांबतात.